आठवी चिलीम

मामा, तुमच्या मयताला मडकं तुमच्याच अंगणातलं घेतलं. कुंभाराच्या घरी दुसरीकडून कुठून आणणार? मामीने ओसरीच्या कोपऱ्याकडे नुसतं बोट दाखवलं. तिथल्या उतरंडीतलं वरचं मडकं मी उचललं आणि सवयीने त्याला टिचकी मारली. बाजारात भांडं घेताना मारतात ना तशी, कुठे चिरलंय का ते कळावं म्हणून. मारली आणि माझा मलाच राग आला. मयताचं मडकं टिचकी मारून घ्यायचं नसतं आणि त्याचा भावही करायचा नसतो, हे मला तुम्हीच सांगितलं होतं. मी तेव्हा शाळेत होतो, सुट्टीला इनामगावला आलो होतो. एक माणूस डोळे पुसत अंगणात आला. तुम्ही चाक तसंच फिरतं सोडून उठलात, मातीच्या हातांनीच त्याला मडकं दिलंत आणि तो गेल्यावर मला म्हणालात, "त्याला काय त्यात पानी साठवायचं हाय का? फोडायलाच न्यायचं. ते चांगलं हाय का वाईट, कशाला बघायचं?"

चांगलंच होतं मामा. खणखणीत वाजलं.

तुमचं वय, तुम्ही किती गावांना रांजण पुरवलेत, तुमचा स्वभाव कसा मनमिळाऊ होता, हे सगळं लोकांनी गावच्या ग्रुपवर टाकलंय. त्यात मी भर घालत नाही. मनमिळाऊ वगैरे तुम्ही नव्हतातच. खवचट होतात. मला चिलमीबद्दल बोलायचंय. आपलं ते बोलणं अर्धवट राहिलं, आणि ते अर्धवट मी ठेवलं.

दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार तुम्हाला आठवत असेल. मी शिरूरहून आलो होतो. तुम्ही चाकावरून उठलात, हात धुतलेत, चिलीम भरलीत, तिच्या बुडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळलीत आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून झुरका मारलात. पाठोपाठ जो ठसका लागला तो थांबेना. तोंडात राख आली होती. "खडा नीट बसत न्हाई," तुम्ही म्हणालात. तंबाखू खाली गळू नये म्हणून चिलमीच्या आत जो खडा टाकतात, तो तुम्ही घोड नदीच्या काठावरून वेचून आणायचात. कधी मोठा निघायचा, कधी लहान. मी म्हणालो, "मामा, हजारो वर्षं झाली, चिलीम आहे तशीच आहे. कुणी सुधारायला नको का?"

"तू सुधार की. सायेब हायेस न्हवं."

मी रांजणगावच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. ड्रॉइंग काढतो, मापं तपासतो. साहेब वगैरे काही नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. पण भाच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायची तुमची जुनीच खोड. आणि मी चढलो. पुढच्या रविवारी ड्रॉइंग घेऊनच आलो. सरळ चोंगा जाऊन मध्ये एक पोकळी, म्हणजे राख आणि चिकटा तिथेच अडकेल. लांब मान, म्हणजे धूर थंड होऊन येईल. नदीतला खडा बाद. त्याच्या जागी मातीचाच भाजलेला, तीन खाचांचा. तुम्ही तो कागद उलटासुलटा करून पाहिलात.

"हे खाली चौकोन कसले?"

"ड्रॉइंग कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं, त्यांच्या सह्यांचे."

"आन् बनवनाऱ्याचा?"

"त्याचा नसतो."

तुम्ही हसलात. "मंजी आपल्या टेकाडावानीच झालं की. खनलं तवा एवढी जुनीपुरानी खापरं निघाली. मोठमोठी लोकं आली, मोजून, नंबर घालून घिऊन गेली. पन एकाबी खापराव कुंभाराचं नाव न्हाई."

तेव्हा मला त्याचं नुसतं हसू आलं होतं. मी तुम्हाला बजावलं, "मामा, कागदावर लिहिलंय तेवढंच करायचं. मनानं काही करायचं नाही." तुम्ही मान डोलावलीत. मामी चुलीपाशी होती, तीही हसत होती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

भांडी भाजायचा आवा उघडला तेव्हा तुम्ही ती पहिली चिलीम दोन बोटांत धरून माझ्यापुढे केलीत. इवलीशी. तंबाखूची चिमूट मावेना, नदीतला जुना खडा तर तोंडातच अडकला. "ही चिमनीला दिऊ," तुम्ही म्हणालात. "तिच्या नवऱ्याला व्हईल." माती वाळताना आकसते आणि भाजताना आणखी आकसते, हे कुंभाराच्या घरातल्या रांगत्या लेकरालाही कळतं. आणि मला कळत नव्हतं असं नाही. आमच्याकडे ओतकामाचा साचा करताना धातू थंड होऊन आकसणार म्हणून माप वाढवून धरतात. नव्याने लागलेल्यांना हे शिकवणारा मीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलं न्हाईस. कागदाव हाय तेवढंच करायचं म्हनलास. तेवढंच केलं."

त्यानंतर मी जे शिकलो ते कुठल्या डिप्लोम्यात नव्हतं. घोड नदीच्या गाळाची माती किती आकसते आणि टेकाडामागच्या मातीची किती, हे तुम्ही आकड्यात सांगू शकत नव्हतात. अंगठा दाखवायचात, "एवढं धर." मी व्हर्नियर लावून तुमचा अंगठा मोजायचो. दुसरी चिलीम तडकली. तिसरीची पोकळी आतल्या आत बसली. चौथीत चिकटा साठून मानेत तुंबला. पाचवी चांगली होती, ती मामीच्या हातून पडली, आणि पडली की पाडली यावर आपण तिघे बराच वेळ भांडलो. सहावी ओढायला छान, पण हातात धरवेना इतकी तापायची. रविवार असे गेले. माझी बायको म्हणायची, तुम्हाला दुसरं सासर मिळालंय. खरं सांगतो, त्या रविवारांइतका आनंद मला कशातच मिळाला नाही. वडील गेल्यापासून कुणी मला चुकू दिलं नव्हतं. तुम्ही चुकू दिलंत, वर हसलात, आणि पुन्हा माती मळायला बसलात.

सातवीची कंबर हातात धरायला जाड ठेवली, आणि ती जमली. तुम्ही झुरका मारलात, डोळे मिटलेत, आणि ठसका आला नाही. पुन्हा मारलात. नाही आला. "सायेब, ही तर ओढल्यावानी वाटतच न्हाई!" माझ्या ड्रॉइंगवर बनलेले हजारो पार्ट आजवर कुठे कुठे गेले असतील, ते कोण वापरतं ते मी कधी पाहिलं नाही. इथे वापरणारा माणूस माझ्यासमोर बसून खुशीत धूर सोडत होता. मी तेव्हा फुगलो होतो मामा, कबूल करतो. तुम्ही ती कापडी पिशवीत घालून शिरूरच्या बाजाराला न्यायचात आणि ओळखीच्या सगळ्या म्हाताऱ्यांना दाखवायचात. एका मेंढक्याने चार मागितल्या.

मामी मात्र चिडली. "येवढं डोकं लावताय दोघं, तर एक अशी चिलीम काडा, जी पेटतच न्हाई. तिला म्या हळदकुकू वाहीन." आपण दोघेही हसलो. तिच्याकडे त्या वेळी कुणी नीट पाहिलं असतं तर ती चेष्टा करत नव्हती हे दिसलं असतं.

मग दिवाळीनंतर तुमचा दम वाढला. दहा पावलांवरच्या आव्यापर्यंत जाऊन तुम्ही खाली बसू लागलात. मी तुम्हाला दौंडला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरला, बराच वेळ पाहिला, मग विचारलं, "आजोबा, दिवसाला किती ओढता?"

"पयलं तीन-चार व्हायच्या."

"आता?"

"आता मोजत न्हाई. ठसकाच लागत न्हाई न्हवं." आणि तुम्ही पिशवीतून चिलीम काढून त्यांच्या टेबलावर ठेवलीत. "ह्यो माजा भाचा. विंजेनेर हाय. ह्यानं काडलीया. हिच्यातनं वाईट धूर येतच न्हाई."

बाईंनी चिलीम हातात घेऊन पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "ठसका लागतो तो थांबा म्हणून सांगायला," त्या म्हणाल्या. "तुम्ही तो ठसकाच काढून टाकलात." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडीने परत आलो. अंगणात उतरलो, तुम्ही दमून खाटेवर बसलात, आणि हात आपोआप पिशवीत गेला. तुम्ही चिलीम भरायला घेतलीत. मी ती हिसकावली आणि ज्या दगडावर तुम्ही मातीची ढेकळं फोडायचात त्या दगडावर आपटली. तिचे किती तुकडे झाले ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "मरायचं तर मरा. माझ्या चिलमीनं मरू नका."

मामी दारात आली होती. तुम्ही मला एक शिवी दिली असतीत तर मी तिथेच रडून मोकळा झालो असतो. तुम्ही खाली वाकून एक तुकडा उचललात, आतली पोकळी बोटाने चाचपलीत. "मोडायचं तर कच्चं मोडावं, सायेब," तुम्ही म्हणालात. "कच्च्याची परत माती व्हती. भाजल्यालं मोडू न्हाई. त्याचं फिरून काय व्हत न्हाई."

त्यावर मी वाद घातला. तंबाखू वाईट असेल तर चिलीम बनवायचीच कशाला, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, ओढणारा ओढणारच, निदान त्याच्या हातात चांगलं भांडं असावं. मी म्हणालो, चांगलं भांडंच माणसाला मारतं. तुम्ही तोंड उघडलंत, पण दम लागला, आणि उत्तर तिथेच राहिलं. मी गाडी काढून निघून आलो.

त्यानंतर मी तुमच्या अंगणात पाऊल ठेवलं नाही. औषधं पाठवत होतो, मामीला फोन करत होतो, तुमची चौकशी करत होतो, पण तुमच्याशी बोलत नव्हतो. राग तुमच्यावर नव्हता. स्वतःवरचा राग घेऊन तुमच्यासमोर बसायचं धाडस नव्हतं. एकदा तुम्हीच फोन केलात. मी शिफ्टला होतो, मशीनचा आवाज होता. तुम्ही मोठ्याने म्हणालात, "सायेब, त्या पोकळीचं माप किती धरलं व्हतं रं आपुन?"

मला वाटलं, तुम्हाला तीच चिलीम पुन्हा बनवायची आहे. एवढं होऊनही. मी म्हणालो, "मला आठवत नाही," आणि फोन ठेवला.

आठवत होतं मामा. आजही तोंडपाठ आहे.

तुम्ही गेल्याचा फोन सकाळी आला, मी गेटवर कार्ड लावत होतो. पोहोचलो तेव्हा तुम्हाला ओसरीवर ठेवलं होतं. नखांत माती तशीच होती, ती कुणी काढली नव्हती. तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणून मडकं माझ्या खांद्यावर आलं. नदीकाठी तुमच्याभोवती मी फिरलो, मागून एकाने दगडाने मडक्याला भोक पाडलं, पाणी पाठीवरून वाहू लागलं. तीन फेऱ्या झाल्या. मग सगळे म्हणाले, टाक मागे. माझे हात सुटेनात. लोकांना वाटलं मी दुःखाने थांबलोय. ते तर होतंच. पण तुमच्या हातचं भाजलेलं भांडं मी दुसऱ्यांदा फोडणार होतो, आणि ते तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणीतरी माझा खांदा दाबला. मी सोडलं. ते फुटल्याचा आवाज त्या दगडावरच्या आवाजापेक्षा मोठा नव्हता.

सुतकात चाकावर गोणपाट टाकून ठेवलं होतं. तेरावा झाला, पाहुणे गेले, तेव्हा मामी म्हणाली, "आवा लावायचा हाय. त्यांनी केल्यालं कच्चं पडलंय. कच्चं घरात ठिऊ न्हाई." मला आवा रचता येत नाही. तिला येतो, तुमच्याइतकाच. ती सांगत गेली, मी शेणकुटं आणि पाचट लावत गेलो. मोठ्या भांड्यांच्या पोटात लहान भांडी ती आधीच ठेवून बसली होती. दुपारी पेटवला. तुम्ही बसायचात त्याच दगडावर ती बसली आणि धुराचा रंग बघत राहिली. मी तिला विचारलं, शेवटी शेवटी ओढत होते का. ती म्हणाली, "खोटं कशाला सांगू? पुरतं सुटलं न्हाई. मेंढक्याकडची आनायचे, जेवल्याव एक, ती बी अर्धी. पन तू गेल्यापासनं घरात चिलीम बनवली न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी राख बाजूला करून एकेक भांडं बाहेर काढलं. पणत्या, दोन कुंड्या, एक रांजण. रांजण गार झाल्यावर मी त्यात हात घातला तर तळाशी काहीतरी लागलं. चिलीम होती, मामा. आपली. लांब मान, मधली पोकळी, हातात धरायला जाड कंबर, सगळं तेच. मामीकडे पाहिलं. "परवा रांजणात पनत्या भरताना हे दिसलं," ती म्हणाली. "फडक्यात गुंडाळल्यालं व्हतं. म्या उघडून बगितलं न्हाई, तसंच कापडासकट ठिवलं. तुजं काम आसंल म्हनलं. एक दिस चाकाव एकलेच हसत बसले व्हते. म्या इचारलं, काय झालं? तर म्हनले, सायेबाचं काम करतूया."

पिशवीत व्हर्नियर होता. माझ्या पिशवीत तो असतोच. लावला. पोकळीचं माप मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, तरी ते ड्रॉइंगला तंतोतंत होतं. मानही तेवढीच. आकसण्याचं माप तुम्ही अंगठ्याने धरलं होतं आणि ते कणभर चुकलं नव्हतं. मला पहिल्यांदा आला तो रागच. म्हणजे बनवलीतच ना, असं मनात आलं. मग राख झटकायला मी ती तोंडाला लावून फुंकली.

हवा गेली नाही. पुन्हा फुंकली. नाही गेली. उजेडाकडे धरून पाहिली. मानेत भोकच नव्हतं. पोकळीपर्यंत सगळं कोरलेलं, गुळगुळीत, आणि तिथून पुढे मान भरीव. ओली असताना बारीक सळई घालून आरपार काढायची असते. पन्नास वर्षं चिलमी करणारा माणूस ते विसरत नाही. मी मामीच्या हातात दिली. तिने एका बाजूने डोळा लावला, मग दुसऱ्या बाजूने. तिला कळायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला.

"पेटतच न्हाई अशी," ती म्हणाली आणि हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच थांबला. "आन् आता म्या हिला हळदकुकू कसं वाहू रं?"

"वाहा मामी. तुम्ही कबूल केलं होतं. कोण अडवतंय बघू."

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं येत नाही. मग करंडा घेऊन आली आणि राखेच्या बोटांनीच चिलमीला हळद लावली, कुंकू लावलं. चिलीम तिने माझ्याकडे दिली.

आमच्या टूलरूममध्ये एवढं भोक पाडायला दोन मिनिटं लागतील. हातही लावणार नाही. काल बसून मी ड्रॉइंग नव्याने काढलं. सगळी मापं तीच ठेवली. मानेच्या भोकाचं माप खोडून तिथे शून्य लिहिलं. खालच्या चौकोनांपैकी 'काढणारा' मध्ये माझं नाव आहे. 'तपासणारा' मध्ये मामीचं लिहिलं, कारण तपासली तिनेच. मग पट्टी घेऊन शेजारी एक नवा चौकोन आखला, त्यात 'बनवणारा' असं लिहिलं आणि खाली तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

फोनवर तुम्ही माप विचारलंत तेव्हा मी सांगायला हवं होतं. त्याच्याही आधी, त्या दगडापाशी, थांबायला हवं होतं. मी भाजलेलं मोडलं, मामा. माझं चुकलं.